पडायला शिकवणारा कातळ

सह्याद्रीत कातळ चढायला शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी बजावलं जातं : पडायचं नाही. बजावणारा क्लबमधला एखादा दादा असतो, त्याला त्याच्या दादाने हेच बजावलेलं असतं, आणि त्यात खोटं काही नसतं. आपला बेसॉल्ट थराथरांचा. दोन थरांच्या मध्ये मुरूम, वाळक्या गवताचे झुबके, हात लावला की सुटणारे धोंडे. मागची मेख किती भार धरेल हे ती ठोकणाऱ्यालाही छातीठोकपणे सांगता येत नाही. अशा भिंतीवर लीड करणारा, म्हणजे दोर घेऊन पहिला वर जाणारा, पडण्याचा विचारच मनात येऊ देत नाही. तीन आधार पक्के झाल्याशिवाय चौथा सोडायचा नाही, जिथून मागे उतरता येणार नाही तिथे जायचं नाही, शंका आली की थांबायचं. तैलबैला, वजीर, ढाकजवळचा कळकराय असे कडे-सुळके या शिस्तीवर चढले गेले.

या शिस्तीत वाढलेला माणूस ग्रीसमधल्या कॅलिम्नोस बेटावर चुनखडीच्या भिंतीवर चढू लागतो, तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खालून गाईडचा आवाज येतो : "हात सोड." शेवटचा बोल्ट गुडघ्याजवळ, दोर त्यात अडकवलेला, पाठीमागे मोकळी हवा. काही बिघडलेलं नाही, तरी मुद्दाम पडायचं आहे. दंडात ताकद असते, दृष्टिभय केव्हाच गेलेलं असतं, पण बोटं उघडत नाहीत. माझ्या मते चुनखडीवरचं खरं शिक्षण इथून सुरू होतं, आणि हे पुस्तकही त्याच जागेवरून लिहिलं आहे. चढायचं कसं हे सांगणारी पुस्तकं इंग्रजीत ढीगभर आहेत. कुठे पडलेलं चालतं आणि कुठे चालत नाही हे ओळखायला माणूस कसा शिकतो, आणि त्यात शिकवणाऱ्याचा वाटा काय, हा माझा विषय.

नव्या वाचकासाठी आधी थोडी ओळख. स्पोर्ट क्लाइंबिंगमध्ये कड्यावर कुणीतरी आधी येऊन, ड्रिलने भोकं पाडून, पोलादी बोल्ट कायमचे बसवलेले असतात. चढणारा कमरेच्या हार्नेसला दोर बांधून निघतो. प्रत्येक बोल्टशी पोचला की त्यात क्विकड्रॉ, म्हणजे पट्टीने जोडलेली कॅराबिनरची (उघडझाप होणाऱ्या धातूच्या कड्यांची) जोडी, अडकवतो आणि तिच्यात दोर सरकवतो. खाली उभा असलेला बिलेअर दोर सोडत असतो, पडलं तर धरतो. मार्ग साधारण पंधरा ते पस्तीस मीटरांचा. माथ्याशी दोन बोल्टांचा अँकर असतो, त्यातून दोर ओवून बिलेअर चढणाऱ्याला खाली सोडतो. चढताना आधार फक्त दगडाचा, हातापायांनी. बोल्टला धरून वर ओढून घेतलं किंवा दोरावर लटकून दम खाल्ला, तर मार्ग 'झाला' असं कुणी म्हणत नाही. शिखर गाठणं, झेंडा लावणं यातलं काहीच इथे नाही. बरेचसे मार्ग तर भिंतीच्या निम्म्यातच संपतात, कारण पुढचा दगड चांगला नसतो. किल्ल्याच्या माथ्यावर पोचल्याशिवाय चैन न पडणाऱ्या आपल्या लोकांना हे सुरुवातीला फार अपुरं वाटतं.

आता दगडाबद्दल. आपल्याकडे चुनखडी म्हटलं की चंद्रपूर-यवतमाळकडच्या खाणी आणि सिमेंटचे कारखाने आठवतात. कडा म्हणून तिची आपली ओळख नाही, आणि तिचा स्वभाव बेसॉल्टच्या अगदी उलटा आहे. बेसॉल्ट लाव्हाचा, अग्नीतून आलेला. चुनखडी समुद्राच्या तळाशी शिंपल्यांच्या आणि सूक्ष्म जिवांच्या कवचांतून साठत गेलेली. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि ही चुनखडी विरघळवत जातं. म्हणून तिच्यात बोटभर, मूठभर छिद्रं पडतात, उभ्या पन्हाळी कोरल्या जातात, गुहा होतात. तेच पाणी गुहेच्या छतातून झिरपताना विरघळलेला चुना परत सोडतं आणि शाळेच्या भूगोलात पाठ केलेले अधोमुखी लवणस्तंभ तयार होतात. भिंतीवरून ओघळत जाणारे असे थर क्लाइंबर 'टूफा' म्हणून ओळखतात. टूफा म्हणजे कातळातून बाहेर आलेली उभी, गोलसर फासळी. ती दोन्ही तळहातांत चिमटीसारखी दाबून धरायची, गुडघ्यांनी आवळायची, कधी तिच्यावर पाय दुमडून बसून दोन्ही हात सोडायचे आणि दंड झटकून घ्यायचे. बेसॉल्टवर पंधरा वर्षं घालवलेल्या माणसालाही या हालचाली नव्याने शिकाव्या लागतात.

बेसॉल्टवर पाय ठेवायला बहुधा आडवी कड सापडते. चुनखडीवर पायाचा आधार अनेकदा दिसतच नाही. राखाडी, कललेल्या स्लॅबवर पन्हाळींच्या कडा इतक्या धारदार की बोटांची सालटी निघतात, आणि शेजारच्याच लोकप्रिय मार्गावर हजारो बुटांनी घासून दगड देवळाच्या उंबरठ्यासारखा गुळगुळीत झालेला. नवखा चढणारा वर बघत हातांसाठी भोकं शोधत राहतो आणि दहा मिनिटांत त्याचे दंड भरून येतात. चांगला गाईड पहिला पूर्ण दिवस हातांबद्दल अवाक्षर काढत नाही. तो फक्त पायांकडे बघतो. बूट ठेवताना आवाज आला की परत ठेवायला लावतो. अंगठ्याचं टोक ज्या जागी ठेवायचं तिथे टेकेपर्यंत नजर हटवू देत नाही. हे कंटाळवाणं असतं, पण याला पर्याय मला तरी दिसलेला नाही.

या खेळाचा इतिहास एका सरळ रेषेत सांगता येत नाही, कारण तो वेगवेगळ्या दगडांवर आणि वेगवेगळ्या हट्टांतून घडला. दगड फक्त हातापायांनी चढायचा, दोर आणि खिळे केवळ सुरक्षेपुरते, हा आग्रह विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच जर्मनीत ड्रेस्डेनजवळ एल्बे नदीकाठच्या वालुकाश्माच्या सुळक्यांवर धरला गेला होता. तिथे आजही फटीत लोखंड घालायला बंदी आहे. दोराच्या गाठी फटीत अडकवून चढतात. युरोपात इतरत्र मात्र पुढची कित्येक दशकं पिटॉनला, म्हणजे फटीत ठोकलेल्या मेखेला, धरून, त्यावर पाय देऊन वर जाणं हीच रूढ पद्धत राहिली.

ती मोडली बव्हेरियात, फ्रँकेनयुराच्या जंगलातल्या बुटक्या चुनखडीच्या कड्यांवर. १९७५ च्या सुमारास कुर्ट आल्बेर्ट हा क्लाइंबर जुन्या मार्गांवरच्या पिटॉनांना हात न लावता चढायचा प्रयत्न करू लागला. ज्या पिटॉनशिवाय भागलं त्यावर तो लाल फुली मारायचा आणि पूर्ण मार्ग असा मोकळेपणाने झाला की पायथ्याशी लाल ठिपका रंगवायचा. आज जगभरात मार्ग 'झाला' की नाही हे ज्या निकषावर ठरतं तो हा. सरावासाठी कितीही वेळा पडा, लटका, पुन्हा खाली या. पण शेवटी एकदा तळापासून माथ्यापर्यंत न पडता, दोरावर भार न देता जा. पडणं हा शिकण्याचा भाग आहे हे तत्त्व म्हणून इथे पहिल्यांदा मान्य झालं. पुढे याच भागात व्होल्फगांग ग्युलिखने १९९१ साली 'आक्सियों दिरेक्त' हा मार्ग चढला. काठिण्याच्या फ्रेंच श्रेणीतला जगातला पहिला ९ए म्हणून तो ओळखला जातो, आणि तो करण्यासाठी लाकडी पट्ट्यांवर फक्त बोटांनी उड्या मारत वर जाण्याचा जो सराव ग्युलिखने रूढ केला, तो आता पुण्या-मुंबईच्या जिममध्येही दिसतो.

फ्रेंचांची वाट वेगळी. प्रोव्हान्समधल्या व्हेर्दों दरीच्या काठावरून रस्ता जातो. माणूस गाडीतून उतरतो तो कड्याच्या माथ्यावरच. मग वरून दोर सोडून, लटकत खाली येत बोल्ट का मारू नयेत? सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे हे सुरू झालं आणि जुन्या मंडळींनी खूप आरडाओरडा केला. त्यांचं म्हणणं असं की मार्ग खालून वर, धोका पत्करत शोधायचा असतो. वरून येऊन खिळे लावणं म्हणजे आधी उत्तर बघून गणित सोडवणं. तो वाद अजूनही काही ठिकाणी चालू आहे. माझा कौल विचाराल तर उंच डोंगरावर जुन्या मंडळींचं बरोबर आहे आणि वीस मीटरच्या कड्यावर फ्रेंचांचं. वरून आल्यामुळे बोल्ट कुठे हवा हे निवांत ठरवता येतं, सैल दगड आधी पाडता येतो, आणि खाली शिकणारा पोरगा वाचतो.

१९८२ मध्ये पात्रिक एदलेंजे या फ्रेंच क्लाइंबरवरचा 'ला व्ही ओ बू दे द्वा' हा माहितीपट फ्रेंच दूरचित्रवाणीवर आला आणि हा मूठभर लोकांचा नाद घरोघरी पोचला. ब्यूक्सची छिद्राळ भिंत, नंतर सेयूज, स्पेनमधलं सिउराना, इटलीतलं आर्को ही नावं पंढरपूरच्या वारीतल्या मुक्कामांसारखी पाठ असणारी एक पिढी तयार झाली. या काळाला एक काळी बाजूही आहे. त्या वर्षांत काही फ्रेंच कड्यांवर छिन्नीने होल्ड, म्हणजे हातापायांच्या पकडी, कोरले गेले, आपल्या ताकदीला झेपेल असा दगड करून घेतला गेला. आज ते लाजिरवाणं मानलं जातं. १९८५ साली इटलीत बार्दोनेक्यियाजवळ पहिली मोठी स्पर्धा झाली तीही नैसर्गिक कड्यावर. स्पर्धांसाठी कडे छिलणं परवडणारं नाही हे लवकरच कळलं आणि स्पर्धा कृत्रिम भिंतींवर गेल्या. तिथून टोकियो ऑलिंपिकपर्यंतचा, म्हणजे २०२१ पर्यंतचा प्रवास हा वेगळ्या पुस्तकाचा विषय आहे.

ब्रिटिशांनी मधला मार्ग काढला. ग्रिटस्टोन या खरबरीत वालुकाश्मावर बोल्ट निषिद्ध, यॉर्कशरच्या चुनखडीवर चालतो, आणि कुठे चालतो याची सीमारेषा दर पिढीत नव्याने भांडून ठरते. अवघड मार्गांच्या इतिहासात मात्र चुनखडीने आपलं स्थान राखलं. क्रिस शर्माने २००१ मध्ये सेयूजला केलेला ९ए+, सेबास्तियाँ बुअँने २०२२ मध्ये व्हेर्दोंत केलेला ९सी, हे सगळे टप्पे चुनखडीवरचे आहेत. नवख्याने या आकड्यांनी दबून जाऊ नये. या फ्रेंच श्रेणीत शिकणारा ४ आणि ५ वर रेंगाळतो, आणि ६ए करणारा माणूस जगातल्या बहुतेक कड्यांवर दिवसभर मजेत राहू शकतो.

कॅलिम्नोस या इतिहासात उशिरा आलं. हे बेट शतकानुशतकं स्पंज काढणाऱ्यांचं. पाणबुड्याचा जड पोशाख आल्यावर माणसं खोल जाऊ लागली, घाईने वर येऊ लागली आणि रक्तात वायूचे बुडबुडे होऊन पांगळी झाली, मेली. तिथे 'मिहानिकोस' नावाचं एक लोकनृत्य आहे. त्यात पुढे नाचणारा काठी टेकत, थरथरत्या पायांनी त्या पांगळ्या पाणबुड्याची चाल चालतो. विसाव्या शतकाच्या शेवटाकडे स्पंजांवर रोग पडला आणि आधीच खंगलेला धंदा बसला. १९९६ मध्ये आंद्रेआ दी बारी हा इटालियन क्लाइंबर तिथे गेला असता त्याला मासुरी गावामागच्या नारिंगी-राखाडी भिंती आणि लवणस्तंभांनी भरलेली प्रचंड गुहा दिसली. पुढच्या वर्षी त्याने पहिले बोल्ट मारले. आज बेटावर आणि समोरच्या तेलेंदोस बेटावर मिळून मार्ग हजारोंच्या घरात आहेत. पर्यटक एरवी उन्हाळ्यात येत. क्लाइंबर वसंतात आणि शरदात येतात, त्यामुळे खानावळी वर्षातून जास्त महिने उघड्या राहतात. खोल पाण्यातून वर येताना माणसं गमावलेल्या गावाने उंचीवर पोट भरायला शिकावं, याचं मला नेहमी कौतुक वाटतं.

पुस्तकासाठी हे बेट निवडण्याचं कारण तेवढंच नाही. शिकायला लागणारं सगळं तिथे चालण्याच्या अंतरावर आहे : सोपे स्लॅब, उभ्या भिंती, टूफांचे, बाहेर झुकलेले ओव्हरहँग, जवळजवळ मारलेले बोल्ट. मासुरीच्या वरचे बरेचसे कडे पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे दुपारपर्यंत सावली मिळते. आपल्याकडून जायला अधिक सोपं आहे ते थायलंडमधलं क्राबी, जिथे रायले आणि तोनसायच्या चुनखडीच्या भिंती थेट समुद्रातून उठतात. मराठी पर्यटक तिथे बोटीतून त्याच भिंतींचे फोटो काढून परत येतात. पण क्राबीने बोल्टविषयी एक धडा दिला आहे, त्याकडे मी पुढे येतो.

आधी गाईड. डोंगरात पैसे घेऊन वाट दाखवणं हा जुना व्यवसाय आहे. शामोनीच्या गाईडांची संघटना १८२१ मध्ये स्थापन झाली आणि पर्वत-मार्गदर्शकांचा आंतरराष्ट्रीय महासंघ १९६५ मध्ये. आपल्याकडे वाटाड्या गावातला, आणि कातळ शिकवणारा क्लबमधला, विनामोबदला. १९५४ पासून दार्जिलिंगची आणि १९६५ पासून उत्तरकाशीची संस्था गिर्यारोहणाचे अभ्यासक्रम चालवते. महाराष्ट्रातली असंख्य मुलं तिथे जाऊन आली. म्हणून 'गाईडला पैसे देऊन चढायचं' हे आपल्या मंडळींना थोडं कमीपणाचं वाटतं. त्यात त्यांना असं दिसतं की गाईड आपल्याला वर ओढून नेणार. उंच पर्वतावर ते काही अंशी खरंही आहे. वीस मीटरच्या चुनखडीवर गाईडचं काम निराळं आहे. आपल्याशिवाय या माणसाचं भागलं पाहिजे, याच बेताने तो शिकवतो.

खेड्यात पोहायला शिकवायची पद्धत आठवा. पाठीला डबा बांधून काका पोराला विहिरीत ढकलायचे आणि दोराचं टोक स्वतःच्या हातात ठेवायचे. दोर कधी ताणायचा आणि कधी सैल सोडायचा हे त्यांना बरोबर कळायचं. गाईडचंही तसंच. आधी टॉप रोप : वरून दोर, पडणं अशक्यच. मग तोच मार्ग लीड करायचा, पण वरचा दोर जोडीला ठेवून, म्हणजे क्लिप करण्यातल्या चुका फुकटात करता येतात. दोर क्विकड्रॉत उलटा गेला का, पाय दोराच्या आणि भिंतीच्या मध्ये आला का, खालचा दोर घाईत ओढून वरच्यात घातला का. पाय दोराच्या मागे राहिला आणि पडलं, तर माणूस उलटा होऊन डोकं आपटतं. या गोष्टी वाचून कळतात. अंगात मुरायला कुणीतरी खालून दर वेळी ओरडावं लागतं.

त्यानंतर येतं ते ठरवून पडणं, आणि त्यात एक विसंगती आहे जी नवख्यांना कुणी सांगत नाही. सोप्या मार्गावर पडणं जास्त वाईट. ४ आणि ५ श्रेणीचे मार्ग कललेले, टप्प्याटप्प्यांचे. पडलं की अंग दगडावर घासत येतं किंवा घोटा कडेवर आपटतो. ६सी किंवा ७ए चा ओव्हरहँग भीतिदायक दिसतो, पण तिथे पडणारा हवेत पडतो आणि दोरावर झुलतो. म्हणजे ज्याला पडायला यायला हवं तो नवखा नेमका अशा मार्गावर असतो जिथे पडू नये. गाईड हा पेच सोडवतो. तो पडण्याचा सराव तीव्र चढाच्या, मोकळ्या भिंतीवर, चांगल्या उंचीवर घेतो आणि सोप्या मार्गावर जुनी सह्याद्रीची शिस्त पाळायला लावतो. पहिल्या-दुसऱ्या बोल्टच्या आसपास तर कुठल्याही मार्गावर पडायचं नसतं, कारण दोर ताणायला लांबी नसते आणि जमीन जवळ असते. पडणाऱ्याइतकंच शिक्षण बिलेअरचं असतं. घट्ट धरून उभा राहिला तर पडणारा भिंतीवर आदळतो. योग्य क्षणी थोडं उचललं जाऊ दिलं तर झोका मऊ लागतो. वजनात फरक असेल तर सगळी गणितं बदलतात. पडायचं नाही हा नियम त्यामुळे रद्द होत नाही. तो कुठे लागू आहे हे कळू लागतं.

आणि तरीही या खेळातले वाईट अपघात अनेकदा चढताना पडण्यातून होत नाहीत. ते होतात माथ्याशी आणि पायथ्याशी, जिथे कुणी घाबरलेलं नसतं. लिन हिल ही त्या काळातली जगातली आघाडीची क्लाइंबर. १९८९ च्या मे महिन्यात ब्यूक्सला तिने तिच्या मानाने सोपा मार्ग केला, माथ्याशी पोचून खाली सोडण्यासाठी मागे रेलली आणि वीस मीटरांहून अधिक खाली आली. दोर हार्नेसमधून ओवला होता, गाठ पुरी केलीच नव्हती. मध्ये लक्ष बुटांकडे गेलं आणि जाकिटाखाली ती अपुरी गाठ कुणाला दिसली नाही. झाडाच्या फांद्यांमुळे ती वाचली. पुढच्याच वर्षी ८बी+ करणारी ती पहिली स्त्री ठरली, ही तिची जिद्द. पण गाठ बांधताना कुणी बोलायला आलं तर हात वर करून त्याला गप्प करणारा गाईड उद्धट नसतो, एवढं यातून घ्यावं.

माथ्याशी काय करावं लागतं ते थोडक्यात सांगतो, म्हणजे अंदाज येईल. अँकरशी पोचलात. हार्नेसला जोडलेली पट्टी अँकरमध्ये अडकवलीत, तिच्यावर भार दिलात. बिलेअर अजून दोर धरूनच आहे. हार्नेसखालचा दोर थोडा वर ओढून, दुमडून कडीतून ओवायचा, त्या दुमडीला आठाची गाठ मारायची, ती लॉक होणाऱ्या कॅराबिनरने हार्नेसच्या बिले लूपला लावायची, लॉक फिरवायचं. मगच जुनी गाठ सोडायची, तिचं टोक कडीतून बाहेर काढायचं. बिलेअरला दोर घट्ट करायला सांगायचं, भार दोरावर आला हे डोळ्यांनी बघायचं आणि तेव्हाच पट्टी काढायची. या क्रमात माणूस एक क्षणही दोरातून सुटत नाही. क्रम बदलला की सुटतो. खाली बिलेअरने दोराच्या दुसऱ्या टोकाला गाठ मारलेली असली पाहिजे, नाहीतर मार्ग लांब आणि दोर आखूड निघाला की टोक हातातून सरकून जातं. गाईड हे सगळं आधी जमिनीवर, झाडाला बांधलेल्या अँकरवर, शिकणारा कंटाळेपर्यंत करून घेतो.

आता बोल्ट. मानकाप्रमाणे चांगला बोल्ट पंचवीस किलोन्यूटन, म्हणजे सुमारे अडीच टन, आडवा भार सोसतो. हे नवा असताना. क्राबीला समुद्राची खारी हवा, उष्णता आणि चुनखडीतून झिरपणारं पाणी यांनी मिळून स्टेनलेस स्टीलचे बोल्ट आतून तडकवले. बाहेरून चकचकीत दिसणारे काही हाताच्या भाराने तुटले. तिथे मग टायटॅनियमचे, गोंदाने चिकटवलेले बोल्ट बसवावे लागले, आणि हा खर्च मोठा. कॅलिम्नोसही समुद्रकाठीच आहे. म्हणून कुठल्याही कड्यावर पहिला प्रश्न : हे बोल्ट कुणी मारले, कधी मारले, कुणी तपासले? उत्तर बहुधा एखाद्या स्वयंसेवकाकडे असतं, ज्याने स्वतःच्या खिशातून पैसे घातलेले असतात. फ्रान्समध्ये २०१० साली व्हँग्रो इथल्या कड्यावर दगड सुटून अपघात झाला, न्यायालयाने गिर्यारोहण आणि क्लाइंबिंगच्या फ्रेंच महासंघाला जबाबदार धरलं, आणि महासंघाने कड्यांची देखभाल करण्याच्या करारांतून अंग काढून घ्यायला सुरुवात केली. २०२२ मध्ये कायदाच बदलावा लागला. फुकटात मिळणारा खेळ कुणाच्या तरी कष्टांवर उभा असतो, ही गोष्ट शिकणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात कळलेली बरी.

मराठीत हे पुस्तक आता का? २०१६ साली गिरिविहार या गिर्यारोहण क्लबने नवी मुंबईत बोल्डरिंगची, म्हणजे बुटक्या भिंतींवर दोराशिवाय चढण्याची, विश्वचषक फेरी भरवली, तेव्हा अनेकांनी हा खेळ पहिल्यांदा पाहिला. त्यानंतर शहरांत कृत्रिम भिंती वाढल्या. तिथे सफाईने चढणारी मुलं आहेत, ज्यांनी सैल दगड कधी पाहिलेला नाही आणि अँकर स्वतः कधी ओवलेला नाही. दुसऱ्या बाजूला सह्याद्रीत मुरलेली मंडळी आहेत, ज्यांना दगड वाचता येतो पण पडता येत नाही. बदामीच्या लाल वालुकाश्मावर बोल्ट केलेले मार्ग आहेत, तिथे दोन्ही प्रकारचे लोक भेटतात आणि एकमेकांना नाकं मुरडतात. शिवाय नोकरीनिमित्त न्युरेंबर्ग, म्युनिक, बार्सिलोनाला राहणारी मराठी मुलं आहेत. चुनखडी त्यांच्या शनिवार-रविवारच्या अंतरावर आहे. या तिघांनाही समजेल अशा मराठीत एकत्र काही नव्हतं. शब्द मी क्लबमध्ये बोलले जातात तेच ठेवले आहेत. बिले, लीड, क्विकड्रॉ यांना संस्कृत प्रतिशब्द घडवत बसलो नाही.

पुस्तक एका शिकणाऱ्याच्या मागोमाग कॅलिम्नोसवर फिरतं, पण ते प्रवासवर्णन नाही आणि तंत्राची पाठ्यपुस्तिकाही नाही. जिथे हाताला काम आहे तिथे मी तपशिलात गेलो आहे, जिथे जीपीएस आणि मार्गांची यादी पुरते तिथे गप्प बसलो आहे. मार्गांच्या श्रेणी, दोराची लांबी, बंद असलेले कडे या गोष्टी बदलतात. फ्रँकेनयुरात शिकारी पक्ष्यांच्या विणीच्या काळात कडे बंद ठेवतात, आणि ती पाटी मोडणाऱ्यामुळे पुढे सगळ्यांनाच प्रवेश मिळेनासा होतो. ही माहिती त्या त्या ठिकाणच्या ताज्या मार्गदर्शिकेतून घ्यावी.

वाचकाला एक विनंती आहे. हे पुस्तक वाचून परस्पर कड्यावर जाऊ नका. गाईड ठरवताना त्याने स्वतः किती कठीण मार्ग केले हे विचारू नका. विचारा की शेवटच्या दिवशी तो तुम्हाला अँकर एकट्याने ओवू देणार का, तुमच्या जोडीदाराचं बिले तपासणार का, आणि पडण्याचा सराव घेणार का. तिन्हींना हो म्हणाला तर पैसे द्या. टाळाटाळ केली तर दुसरा शोधा. आणि जे आधीच चुनखडीवर शिकून आले आहेत, त्यांनी या पुस्तकात काही चुकलं-राहिलं असेल तर जरूर कळवावं. पुढच्या आवृत्तीत ते दुरुस्त होईल.